माळ्यावरची पेटी भंगारात देऊ नका

कोकणातल्या गाववाल्यांनो आणि मे महिन्यात घरी आलेल्या चाकरमान्यांनो, पाऊस तोंडावर आला आहे. कुठे घर शाकारायचं काम चाललंय, कुठे कौलं उतरून पत्रे चढताहेत, कुठे जुनं मातीचं घर पाडून चिऱ्याचं बांधायला घेतलंय. दरवर्षी याच दिवसांत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. आत कसर लागलेले कागद, लांबच लांब पट्ट्या आणि घरातल्या कुणालाच न लागणारं अक्षर. मग कुणीतरी म्हणतं, ‘ठेवून काय करायचंय?’ पेटी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते आणि कागद परसात पातेऱ्याबरोबर जळतात. या वर्षी हे होऊ देऊ नका. कळकळीची विनंती आहे, आणि तिला घाईचं कारण आहे.

त्या कागदांची वाट मॉरिशसमधली काही मराठी घरं पाहत आहेत.

मॉरिशसला मराठी माणसं राहतात हे आपल्याला गणपतीच्या दिवसांत टीव्हीवर बातमी लागली की आठवतं. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवतात आणि झाकरी म्हणून एक नाच नाचतात. तो पाहिला तर गुहागर-संगमेश्वरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही की ही आपलीच जाखडी. पाच-सहा-सात पिढ्यांनंतरही एवढं टिकलं. गावाचं नाव मात्र बहुतेकांच्या घरातून गेलं. आपण कोकणातले, असं ते सांगतात. पण कोकणात कुठले, असं विचारलं की बोलणं तिथेच थांबतं.

ते गेले कसे, हे थोडक्यात सांगतो. १ फेब्रुवारी १८३५ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. उसाचे मळे आणि गोरे मळेवाले होते तिथेच राहिले, राबणारे हात कमी पडू लागले. त्याच्या तीन महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ला ‘ॲटलस’ जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. पुढच्या पाऊणशे वर्षांत हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसं अशी त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहारकडची, मग मद्रासेकडची. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा दहात एकाहूनही कमी, आणि त्यातही बरेचसे पहिल्या काही दशकांतच गेले. मजुरांच्या हालांच्या बातम्या आल्यावर १८३९मध्ये इथल्या सरकारने ही ने-आण बंद केली आणि मळेवाल्यांचा दाब वाढल्यावर १८४२मध्ये पुन्हा परवानगी दिली. मुंबईतून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं पुष्कळ होती, घाटावरची साताऱ्याकडचीही होती. १८५४मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहायच्या आधीचा हा काळ आहे. परळ-लालबागची वाट अजून पडली नव्हती. त्या आधी आपली माणसं बोटीत बसून मॉरिशसला गेली.

आता नोंदींकडे येतो, कारण हे आवाहन त्यांच्यासाठीच आहे.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्या चढून आलेल्या प्रत्येकाला डेपोत नेऊन वहीत लिहून घेत. आज त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. वहीत माणसाचा अनुक्रमांक, त्याचं नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा आणि गाव, जहाजाचं नाव, आल्याची तारीख आणि कुठल्या मळ्यावर पाठवला ते लिहीत. पुढे तो मेला किंवा परत गेला तर तेही लिहीत. १८६०च्या दशकापासून फोटोही लावू लागले. हे सगळं काही मजुराच्या मायेपोटी नव्हतं. मळ्यातून पळालेला माणूस पकडता यावा, रस्त्यात अडवला तर तिकिटावरचा नंबर आणि अंगावरची खूण ताडून पाहता यावी, यासाठी ही कारकुनी होती. डाव्या भुवईवरचा व्रण लिहून ठेवला तो धरपकडीसाठी. आज त्याच ओळीवरून सातव्या पिढीतली नात आपला मूळ पुरुष कोण ते ओळखते. सरकारी कागदाचा मूळ हेतू आणि पुढे होणारा उपयोग यांत एवढं अंतर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. वंशज तिथे जातात, आपल्या आजी-आजोबांचे जन्माचे आणि लग्नाचे दाखले जोडत जोडत मागे सरकतात आणि त्या मूळ पुरुषाच्या नंबरापाशी पोचतात. अलीकडे हे प्रमाण वाढलंय. मार्च २०२४मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या, तेव्हा भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डासाठी पात्र धरण्याची खास तरतूद त्यांनी जाहीर केली. कार्डाच्या निमित्ताने वहीतला उतारा हातात येतो. उतारा हातात आला की त्यावरचं गाव पाहावंसं वाटणारच.

आणि इथे त्यांची वाट अडते. तिथलं काम त्यांनी केलं. इथलं काम आपल्याकडे आहे, आणि आपण पेट्या जाळतो आहोत.

आधी एक विचार करून पाहा. आपल्याकडे कुलवृत्तांत छापायची चाल शंभरेक वर्षांची आहे. जाडजूड ग्रंथ असतात, मूळ पुरुषापासून आजच्या तान्ह्या बाळापर्यंत शाखा काढलेल्या असतात. पण ते कोणाचे? ज्यांच्या घरी लिहिणं होतं, वतन होतं, इनाम होतं, त्यांचे. खोताच्या शेतात राबणाऱ्या कुळाचा कुलवृत्तांत कुणी लिहिला नाही. त्याचं नाव कुठे आलंच तर बाकी राहिलेल्या धान्याच्या नाहीतर वेठीच्या हिशोबात आलं. अशा घरातला मुलगा बोटीत बसला आणि परक्या मुलखातल्या कारकुनाने त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव एका ओळीत लिहिलं. त्याच्या घराण्याच्या माणसांना मिळालेला पहिला लेखी पुरावा तो. दुसरा अर्धा भाग इथे आहे, आणि तो फक्त मोठ्या घरांच्या कपाटात नाही. तो तुमच्या माळ्यावर, तहसीलच्या अभिलेख कक्षात, शाळेच्या लोखंडी कपाटात आणि वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात आहे.

जोडणी कशी होते ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. उताऱ्यावर असं आहे असं धरा: राघू, बापाचं नाव गणू, वय २२, उंची पाच फूट तीन इंच, जिल्हा रत्नागिरी, गावाचं नाव अर्धवट, साल १८४३. आता रत्नागिरी जिल्ह्यात कोणी राघू गणू शोधत गेलं तर आयुष्य संपेल. म्हणून आधी मुलूख आखावा लागतो. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्यासारखा नव्हता. बाणकोटच्या खाडीपासून दक्षिणेला मालवणच्याही पुढे तो पसरला होता, मध्ये सावंतवाडीचं संस्थान तेवढं वेगळं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला वेगळा झाला. तेव्हा उताऱ्यावर रत्नागिरी असेल तर माणूस आजच्या देवगडचाही निघू शकतो. तालुक्यांची नावंही निराळी होती. कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या वर्षांत ती किल्ल्यांवरून होती: सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग. दापोलीकराला सुवर्णदुर्ग म्हणजे आपला हर्णैचा किल्ला हे माहीत असतं. मॉरिशसहून आलेल्याला कसं ठाऊक असणार? आपल्या गावाचं जुनं महालाचं नाव, वाडीचं जुनं नाव, ओसाड पडलेल्या वस्तीचं नाव तुम्ही एका कागदावर लिहून दिलंत तरी कुणाचा तरी महिन्याभराचा शोध वाचेल.

गावाचा अंदाज आला की मग राघूला शोधायचं नाही, त्याच्या मागे राहिलेल्या भावाला शोधायचं. राघू बोटीने गेला, त्याचं नाव गावातल्या कागदावरून पुसलं गेलं. पण त्याचा भाऊ शेतावरच राहिला, त्याची पोरं राहिली. आजच्या सातबाऱ्यापासून मागे जा. वारस नोंदीचे फेरफार पाहा. हक्कनोंदीचा कायदा १९०३चा आहे, त्यामुळे चांगल्या गावात फेरफाराची साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांपर्यंत जाते, आणि कोणी वारलं की कोणाची नावं लागली हे त्यात आपोआप सापडतं. त्यामागे खोती गावांत बोटखत असतं. रत्नागिरीसाठी १८८०मध्ये जो खोती कायदा झाला त्याच्या कामी तयार झालेली ही कागदपत्रं आहेत; कोणतं कूळ, कोणती जमीन, किती देणं, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या जोडीला गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात पुष्कळदा तान्ह्या मुलाचं नाव नसतं, बापाचं असतं. आपल्या कामाला तेच हवं.

एवढं केलं की आपण १८८०च्या आसपास पोचतो. तिकडून मॉरिशसची वही १८४३पर्यंत येते. दोन्ही बाजूंनी लावलेल्या शिड्यांत मधल्या एक-दोन पायऱ्या कमी पडतात, आणि त्या कुठल्याच कागदावर नसतात. त्या माणसांच्या तोंडी असतात. ‘आमच्या आजोबांच्या आजोबांचे दोन भाऊ होते, एक बोटीने गेला तो आलाच नाही.’ हे वाक्य ज्या घरात अजून कोणी बोलतं, त्या घरातल्या त्या माणसाचं वय आज काय असेल ते तुम्हीच पाहा. कागदाला वाळवी लागायला वर्षं लागतात. या वाक्याला एक पावसाळासुद्धा फार होतो.

म्हणून पहिली विनंती पेटीची असली तरी दुसरी आजीची आहे. या सुट्टीत संध्याकाळी ओटीवर तिच्याजवळ बसा आणि मोबाइल ध्वनिमुद्रणावर ठेवा. तुमची वंशावळ सांग, असं म्हणू नका. त्या शब्दाला म्हातारी माणसं बिचकतात, आपल्याला काय ठाऊक म्हणून गप्प होतात. त्यापेक्षा विचारा की श्राद्धाला कोणाकोणाची नावं घ्यायचो, देवळात आपला मान कशाचा, पूर्वी आपलं घर कुठल्या वाडीत होतं, कोणत्या भाऊबंदांचं सुतक आपण धरतो आणि का धरतो. सुतकाच्या प्रश्नात निम्मी वंशावळ बाहेर येते. ‘ते आमच्यातले, पण बोलणं नाही’ हेही लिहून घ्या. भांडणाची आठवण फार पक्की असते. आणि शेवटी सहज विचारा की कोणी लांब, पाण्यापलीकडे गेला होता का. मुंबईला गेलेल्यांची यादी येईल, लष्करात गेलेल्यांची येईल. ती येऊ द्या. गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं मॉरिशसहून परतही आली होती, त्यामुळे एखाद्या घरात ‘बोटीवरचा’ म्हणून आठवण निघाली तर दुर्लक्ष करू नका.

बायांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्या जुन्या महसुली कागदात बाई जवळजवळ नाहीच. विधवा झाली, वारस म्हणून नाव लागलं, तेवढीच. मॉरिशसच्या वहीत मात्र बोटीने उतरलेली बाई तिच्या नावानिशी, वयानिशी, उंचीनिशी आहे. तिचं माहेर शोधायचं तर आपल्याकडे कागद नाही, फक्त बायकांचं बोलणं आहे: कोण कुठून आली, कोणाची मावशी कुठल्या गावी दिली होती, ओटी कोणत्या देवीची भरायची. गावात मुलाखती घेणारे बहुधा पुरुष असतात आणि ते पुरुषांनाच विचारतात. तेव्हा हे काम मुलींनी, सुनांनी हातात घ्यावं.

आता लोकांच्या मनातल्या शंका. त्या मी ऐकल्या आहेत आणि त्यांच्याकडे काणाडोळा करून काही होणार नाही.

पहिली शंका जमिनीची. परदेशातून कोणी आलं आणि ‘तुमच्या घराण्याचा’ म्हणाला की पहिला विचार मनात येतो तो हिश्श्याचा. कोकणात एका गुंठ्यावर पंधरा नावं असतात, सोळावं कोणाला हवंय? समजतं. पण जो माणूस सात पिढ्यांनी येतो, त्याला गावाची वेस पाहायची असते, ग्रामदेवतेला नारळ द्यायचा असतो आणि जमलं तर आपल्या आडनावाचा एखादा माणूस भेटायचा असतो. आडनावही पुष्कळदा जुळत नाही. वहीत लिहिलेलं मूळ पुरुषाचं पहिलं नावच पुढे कुळाचं आडनाव होऊन बसलं. त्यामुळे तो बापू, सखाराम, लक्ष्मण असं आडनाव सांगेल आणि इथल्या आडनावात ते सापडणार नाही. सापडलं नाही म्हणून परत पाठवू नका.

दुसरी शंका कोणी उघड बोलत नाही. वहीत जातीचा रकाना आहे. येणारा कोणत्या जातीचा निघतो यावर आपला आवाज बदलतो, त्याला कुठल्या वाडीच्या तोंडाशी नेऊन सोडायचं हे ठरतं, चहा घरात की पडवीत हेही ठरतं. हे मी वाढवून सांगत नाही. बोटीत चढणाऱ्या कित्येकांच्या जाण्यामागे भूक, कर्ज, खोताचा जाच होता, तसा वाडीतला हा उंबरठाही असणार. तो अजून तसाच दाखवायचा असेल तर मग नोंदी शोधून उपयोग काय?

खोतांच्या घरच्या मंडळींना वेगळं बोलायचं आहे. खोती १९४९च्या कायद्याने गेली. त्याआधी १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी ती नष्ट करायचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं होतं. खोती गेली पण खोतांचं दप्तर पुष्कळ ठिकाणी वाड्यातच राहिलं. कुळांची नावं १८८०च्या आधी कुठे सापडायची शक्यता असेल तर ती या दप्तरात. त्यात कोणाकडून किती वेठ घेतली, कोणाची भांडी उचलून आणली, हेही लिहिलेलं असेल. असू दे. लाज वाटून ते दडवू नका आणि अभिमानाने काचेच्या कपाटातही ठेवू नका. त्याची छायाचित्रं काढू द्या. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या वंशजांचा त्या कागदावर निदान पाहण्यापुरता तरी हक्क आहे.

पेटी उघडल्यावर काय करायचं, हे हाताने काम करणाऱ्यांसाठी. कागद ओला किंवा दमट असेल तर उन्हात घालू नका. सावलीत, वारा लागेल अशा जागी, साध्या कागदांच्या मध्ये ठेवून सुकू द्या. घड्या जोर लावून उलगडू नका, घडीवरच कागद तुटतो. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. लॅमिनेशन केलेला कागद आतल्या आत मरतो आणि पुन्हा बाहेर काढता येत नाही. जुनी शाई काजळाची असेल तर उजेडाने फिकी पडत नाही, पण पाण्याने पसरते, म्हणून ओला फडका फिरवू नका. मऊ ब्रशने माती झटका. रुमालात बांधलेलं दप्तर असेल तर कोणता कागद कशाखाली होता तो क्रम मोडू नका. वाचणाऱ्याला पुष्कळदा त्या क्रमावरूनच साल लागतं. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, समोरून काढा, दोन्ही बाजूंचे काढा. मागच्या कोऱ्या बाजूला एखादं नाव, एखादी तारीख हमखास असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलंत तर अक्षर पुसट होतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि जिवंत माणसांचे सातबारे, आधारचे तपशील भलत्या ग्रुपवर टाकू नका. आपल्याला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची माणसं हवी आहेत, आजच्यांची खाती नकोत.

अक्षर मोडी असणार. मोडी १९५०च्या सुमारास शाळांतून गेली, म्हणजे शाळेत शिकलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे. मधल्या पिढ्यांत ती हौशी अभ्यासकांनी आणि पुण्या-मुंबईच्या वर्गांनी तगवली. २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा गावोगाव मोडी वाचणारा कुठे मिळतो याची धावपळ झाली, आणि कोतवाल बुक, नमुना १४ हे शब्द घराघरांत पोचले. मराठा आरक्षणाच्या त्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण एवढं दिसलं की सरकारने मनावर घेतलं तर अभिलेख कक्षातले गठ्ठे उघडतात, धूळ झटकली जाते, पानं स्कॅन होतात. ते जातीच्या प्रमाणपत्रापुरतंच का व्हावं? रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना विनवणी आहे की या वर्षीच्या प्रकल्पाला विद्यार्थ्यांना मोडी शिकवा आणि आपापल्या गावचं एक बोटखत वाचायला द्या. वि. का. राजवाडे कागदांसाठी गावोगाव फिरले, त्यांनी १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं, त्याचा गौरव आपण दरवर्षी भाषणांत करतो. त्यांनी वाडे आणि मठ धुंडाळले, कारण त्यांना राज्याचा इतिहास हवा होता. वाड्यांकडून वाड्या-वस्त्यांकडे वळायचं काम राहून गेलं आहे.

मुंबईत राहणाऱ्यांनाही काम आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याचे सरकारी खंड आहेत, मजूर पाठवण्याविषयीचा पत्रव्यवहार त्यात आहे. ज्यांना जुनं इंग्रजी हस्ताक्षर लागतं अशा निवृत्त मंडळींनी सुट्टीत गावचा आंबा खाऊन परत गेल्यावर आठवड्यातला एक दिवस तिकडे द्यावा. जिल्हा, गाव किंवा माणसाचं नाव आलं की टिपून ठेवावं.

आणखी एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. ओसीआयचं निमित्त झालं, परदेशातला माणूस आला, की पैसे घेऊन वंशावळ ‘बसवून’ देणारे उभे राहणारच. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, तेवढ्यावर नातं सांगू नका. राघू आणि गणू त्या काळी प्रत्येक वाडीत होते. भरती करणाऱ्या मुकादमाने गाव चुकीचं सांगितलेलं असू शकतं, माणसाने स्वतः जात किंवा नाव बदललेलं असू शकतं. दोन स्वतंत्र नोंदी आणि एक घरची आठवण, असं तिन्ही जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नये. ‘बहुधा हेच गाव’ एवढं प्रामाणिकपणे सांगितलं तरी येणारा समाधानाने जातो. खोटी वंशावळ घेऊन गेलेला मात्र आपल्या पुढच्या सात पिढ्यांना चुकीच्या देवळापुढे उभं करतो.

शाळांचं तर आजच पाहायला हवं. कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा बंद होताहेत, जवळच्या शाळेत मिसळताहेत. बाकं जातात, तक्ते जातात, पण दीडशे वर्षांचं जनरल रजिस्टर कुठे गेलं हे विचारणारा कोणी नसतो. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, मूळ गाव, कोणत्या शाळेतून आला, हे सगळं त्यात असतं. शाळा बंद झाली असेल तर ते रजिस्टर कोणाच्या ताब्यात आहे याची लेखी पोच मुख्याध्यापकांकडून घ्या. तलाठी कार्यालय हललं, त्याची इमारत पाडली, तरी तेच करा. कोणी टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज टाका. सरकारने ई-अभिलेखवर जे चढवलंय ते वापराच, पण स्कॅन झालं म्हणून मूळ वही फेकली तर चालणार नाही हे तिथल्या कर्मचाऱ्याला नम्रपणे सांगा. त्यालाही ते पटतं. त्याला कपाट मात्र मिळत नसतं.

घाटावरच्या वाचकांनो, सातारा, पुणे, कोल्हापूरकडच्या लोकांनो, हे सगळं तुम्हालाही लागू आहे. फक्त पाऊस तुमच्याकडे थोडा उशिरा येईल, एवढीच सवलत.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा तर आत्तापासून दोन-चार जणांशी बोलून ठेवा, नाहीतर ऐन वेळी पाणी आणि रस्त्यांपुढे तो मागे पडतो. ठरावाचा मसुदा लांबलचक नको. असा लिहा: ‘या ग्रामपंचायत हद्दीतील १९५०पूर्वीची जन्म-मृत्यूची नोंदबुके, शाळांची जनरल रजिस्टरे, खोती व देवस्थानाची दप्तरे आणि घरोघरी असलेले मोडी कागद यांची यादी ग्रामस्थांच्या संमतीने करण्यात यावी, प्रत्येकाची छायाचित्रे काढून एक प्रत ग्रामपंचायतीत व एक तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी, मूळ कागद मालकाकडेच राहावा, आणि बाहेरगावाहून अथवा परदेशातून पूर्वजांचे गाव शोधत येणाऱ्यांना ही यादी विनामूल्य पाहू द्यावी.’ सूचक कोण, अनुमोदक कोण ते तुम्ही ठरवा. यादी करायला मात्र ऑगस्टची वाट पाहू नका, पेटी आज उतरणार आहे.